हात पाठीमागे घेतलेला माणूस

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेते. मे महिन्यात चित्रांवरून मुलांचं मन ओळखण्याची 2 दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा केली. फी 2200 रुपये. प्रमाणपत्र मिळालं आणि 4 पानांची खुणांची यादी मिळाली. शाळा उघडल्यावर वर्गातल्या 38 मुलांना "एक माणूस काढा" म्हटलं आणि यादी समोर ठेवून चित्रं तपासली. 23 चित्रांत काही ना काही निघालं. एका मुलीच्या चित्रानं मात्र माझी झोप उडाली. तिचं वय 8 वर्षं 4 महिने. कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात 6 सेंटीमीटरचा माणूस, त्याला मिशा, मान नाही, हात पाठीमागे घेतलेले म्हणून पंजे दिसत नाहीत, अंगातला सदरा काळ्या रंगानं गच्च गिरवलेला. कार्यशाळेच्या सरांना फोटो पाठवला तर म्हणाले, "घरातल्या पुरुषाकडून त्रास आहे, शंभर टक्के." मुलगी अबोल आहे, अभ्यासात बरी आहे. तिच्या आईला बोलावू का? पोलिसांना कळवायचं का? आणि 6000 रुपयांचा पुढचा टप्पा करू का?

उत्तर : ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकू. या चित्रावरून आईला बोलावू नका. या चित्रावरून पोलिसांकडेही जाऊ नका. पण मुलीनं तोंडानं काही सांगितलं, तर कळवायचं की नाही हे ठरवणं तुमच्या हातात उरत नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि 6000 रुपये वाचवा. मोबाइलवर एक फोटो बघून ज्यांनी "शंभर टक्के" म्हटलं त्यांना ही माणूस काढायला लावण्याची चाचणी येत नाही, एवढं मात्र शंभर टक्के सांगता येतं.

तुमची काळजी चुकीची नाही. ती चुकीच्या कागदावर टेकली आहे. म्हणून आधी तुमच्या हातातली ती चार पानं कुठून आली ते बघू.

1926 साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांनी काढलेल्या माणसावरून बौद्धिक वाढ मोजायची पद्धत मांडली. 51 मुद्दे होते. डोकं आहे का, पाय आहेत का, हात धडाला जोडलेत का, बोटांची संख्या बरोबर आहे का, कपडे आरपार दिसतात की नाही, असे. मुद्दा चित्रात असेल तर एक गुण, नसेल तर शून्य. 3 वर्षं हा पाया धरायचा आणि दर 4 गुणांना 1 वर्ष मिळवायचं. म्हणजे 20 गुण पडले तर मानसिक वय 8 वर्षं. चित्र देखणं आहे की नाही, याला एकही गुण नव्हता. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी याच पद्धतीचं भारतीय मुलांसाठीचं रूप तयार केलं आणि आपल्याकडे बालविकासाच्या कामात ते बरंच वापरलं गेलं. या सगळ्यात स्वभावाचा, भीतीचा, घरच्या त्रासाचा संबंध नव्हता.

तो आणला कॅरन मॅकओव्हर यांनी. ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी हॉस्पिटलमध्ये त्या मनोरुग्णांबरोबर काम करत. 1949 साली त्यांनी मांडलं की काढलेला माणूस म्हणजे काढणारा स्वतः आणि कागद म्हणजे त्याच्या भोवतीचं जग. मग एकेका अवयवाला अर्थ चिकटले. मोठे डोळे म्हणजे संशयी, लपवलेले हात म्हणजे अपराधी भावना, दात म्हणजे आक्रमकपणा, सदऱ्याची बटणं म्हणजे आईवर अवलंबून असणं. (गणवेशाच्या शर्टाला पाच बटणं असतात, ती मोजून काढणाऱ्या पोरानं काय करायचं?) तुमची यादी याच वाणाची दिसते. फक्त मधल्या वर्षांत तिच्यात 'अत्याचाराच्या खुणा' असा आणखी एक रकाना वाढलेला आहे.

तिसरं नाव एलिझाबेथ कॉपिट्झ यांचं, आणि तुमच्यासाठी तेच सगळ्यात कामाचं. त्यांनी 1968 साली 5 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 30 भावनिक खुणा नक्की केल्या. पण वाटेल ती खूण यादीत घेतली नाही. त्या वयाच्या सर्वसाधारण मुलांत ती 16 टक्क्यांपेक्षा कमी वेळा दिसली पाहिजे आणि नुसत्या वयानं येणारी-जाणारी नसली पाहिजे, अशी अट घातली. त्यामुळे काही खुणा ठरावीक वयानंतरच मोजायच्या, आणि मुलगा-मुलगी यांची वयं वेगळी. शिवाय एकट्या खुणेचा अर्थ लावायचा नाही. दोन किंवा जास्त असतील तर 'लक्ष द्यायला हवं' एवढंच म्हणायचं.

आता तुमच्या विद्यार्थिनीचं चित्र याच नियमांवर ठेवून बघा.

आकार. कॉपिट्झच्या हिशेबात 2 इंच किंवा त्याहून लहान आकृती 'फार लहान' धरतात, म्हणजे साधारण 5 सेंटीमीटर. तुमची 6 ची आहे. मोजली जात नाही. त्यांचा कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा, म्हणजे जवळजवळ ए-4. तुम्ही वहीचं अर्धं पान फाडून दिलं असेल तर हा मुद्दा तसाही बाद, कारण कागद लहान झाला की माणूसही लहान होतो.

मान. मान नसणं मुलींच्या बाबतीत 9 वर्षांनंतर मोजतात, मुलग्यांच्या बाबतीत 10. ही मुलगी सव्वाआठ वर्षांची आहे. या वयात डोकं थेट खांद्यांवर बसवणारी मुलं वर्गावर्गात असतात. बाद.

हात. इथं तुमच्या यादीनं फार मोठी गफलत केली आहे. 'तुटलेले हात' ही खूण कॉपिट्झच्या यादीत आहे, पण ती कशाला म्हणायची? दंड काढला आणि त्याच्या टोकाला ना पंजा ना बोटं, याला. हात पाठीमागे घेतलेले किंवा खिशात घातलेले असतील तर ते मोजायचे नाहीत, असं स्पष्ट आहे. याचं साधं कारण चित्र काढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पंजा आणि बोटं काढणं हे सगळ्यात अवघड काम. ज्याला जमत नाही तो हात लपवतो. आणि ताई, परिपाठाला रोज सकाळी तुमच्याच शाळेत "सावधान… विश्राम" होतं ना? विश्रामला हात कुठे जातात?

राहिला काळा सदरा. अंग गिरवणं मुलींत 8 पासून मोजतात, म्हणून ही एक खूण कागदावर उरते. तीही कच्ची. गिरवणं आणि कपड्याला रंग देणं यांतला फरक कसा करायचा, यावर तपासणाऱ्या दोन माणसांचं पटकन एकमत होत नाही. त्या दिवशी तिच्या बाकावर कोणते खडू उरले होते, हे तुम्हाला आठवतंय का? आपण वर्षभर मुलांना "रिकामी जागा ठेवू नको, गच्च भर" असं बजावतो, हेही त्यात धरा.

म्हणजे चारपैकी एक खूण, आणि एकीचा अर्थ लावायचा नाही हा नियम ती यादी करणाऱ्या बाईंचाच. 'डावा खालचा कोपरा' आणि 'मिशा' या गोष्टी तर त्या 30 मध्ये नाहीतच.

मिशांवरून भाषेकडे येऊ, कारण हा घोळ मराठीत चाचणी घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. मॅकओव्हर यांच्या पद्धतीत आधी 'एक व्यक्ती काढ' असं सांगतात, बाई की पुरुष ते मुलावर सोडतात, मग दुसऱ्या कागदावर विरुद्धलिंगी व्यक्ती काढायला लावतात. मुलीनं आधी पुरुष काढला तर त्याचा अर्थ लावतात. आता आपण काय म्हणतो? "माणूस काढ." मराठीत माणूस हा शब्द पुल्लिंगी. "बाईमाणूस" असं मुद्दाम सांगितल्याशिवाय मुलाच्या डोळ्यांसमोर बाई येत नाही. तुम्ही मुलीला पुरुष काढायला सांगितला, तिनं निमूटपणे काढला, आणि मिशा लावून तो पुरुष आहे हे पक्कं केलं. सूचना तंतोतंत पाळली याबद्दल तिला शाबासकी द्यायची तर यादीनं तिच्या घरातला पुरुष आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. 'व्यक्ती काढ' म्हणावं तर तिसरीतल्या मुलाला तो शब्द पुस्तकी वाटतो. "मुलगा, मुलगी, बाई, बुवा, कुणीही चालेल, पण अख्खं काढ, डोक्यापासून पायापर्यंत" असं सांगावं लागतं, आणि इतकं सांगितल्यावर ती मूळ चाचणी राहिली का, हा प्रश्न उरतोच.

अशीच गोष्ट भिंतींची. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर वारली चित्रं रंगवलेली असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर एक गोळा, काड्यांचे हातपाय. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. रोज ती भिंत बघणारं मूल तसाच माणूस काढेल, आणि यादी म्हणेल : डोळे नाहीत म्हणजे वास्तव नाकारतो, तोंड नाही म्हणजे बोलायची भीती. वारली घराण्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना एका झटक्यात मनोरुग्ण ठरवणारी ही यादी आहे. काडीमाणूस काढला तर तो बाजूला ठेवून दुसरं चित्र काढून घ्यायचं, असं शिकवलेलं असतं. तुमच्या कार्यशाळेत ते सांगितलं होतं का?

आता तुम्ही म्हणाल, पण यादी तर पटत होती! वर्गातली भांडकुदळ पोरं, लाजरी पोरं, सगळी तिच्यात बसत होती. बसणारच. 1967 साली लॉरेन आणि जीन चॅपमन या अमेरिकन दांपत्यानं नेमकं हेच तपासलं. ही चाचणी माहीत नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी माणसांची चित्रं दाखवली. प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याची लक्षणं लिहिली होती, जसं की 'हा इतरांवर संशय घेतो' किंवा 'याला आपल्या मर्दानगीची चिंता आहे'. लक्षणं आणि चित्रं यांच्या जोड्या मुद्दाम अशा लावल्या होत्या की त्यांच्यात काही संबंधच नव्हता. तरीही विद्यार्थ्यांना संबंध 'दिसला'. संशयी माणसं डोळे वेगळे काढतात, मर्दानगीची चिंता असणारे खांदे रुंद काढतात. आणि अनुभवी तज्ज्ञ आपल्या अनुभवातून जे संबंध सांगत होते, तेच हे निघाले! म्हणजे तज्ज्ञांना जे रुग्णांत दिसत होतं ते आपल्या बोलीतूनच आलेलं होतं. आपणही म्हणतोच की, डोळे वटारले, हात आखडते घेतले, नाक मुरडलं, मान खाली गेली. यादी पटते ती याच वाक्प्रचारांच्या जोरावर. तिच्यात पुरावा नसतो, फक्त ओळखीची भाषा असते.

पुराव्याचं सांगायचं तर क्लिफर्ड स्वेन्सन यांनी 1957 साली तोवरचे अभ्यास गोळा करून पाहिले. मॅकओव्हर यांच्या बहुतेक विधानांना आधार सापडला नाही. 1968 साली पुन्हा पाहिलं. सुट्या सुट्या खुणा भरवशाच्या नाहीत, अख्ख्या चित्राचा एकूण दर्जा त्यातल्या त्यात बरा, असं निघालं. पण एकूण दर्जात चित्रकलेचा हात किती आणि मन किती, हे वेगळं काढता येत नाही. तेच मूल आठवड्यानं पुन्हा काढतं तेव्हा गेल्या वेळचे हात परत येतात आणि कान जातात. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट भिडणारं : 2012 साली ब्रायन ॲलन आणि क्रिसेलिन टसी यांनी मुलांवरचे शारीरिक-लैंगिक अत्याचार चित्रावरून ओळखता येतात का, याचे अभ्यास तपासले. पुरेसा आधार असलेली एकही खूण किंवा गुणपद्धती त्यांना मिळाली नाही.

एक हिशेब कागदावर मांडून बघा. आकडे समजुतीसाठी घेतलेत. समजा शाळेत 200 मुलं आहेत आणि त्यातल्या 10 जणांना खरोखर काही त्रास आहे. यादीतली एखादी खूण या 10 पैकी 6 जणांच्या चित्रात दिसते, म्हणजे बरीच चांगली म्हणायची. पण बाकीच्या 190 पैकी 20 टक्के मुलांतही ती दिसते, म्हणजे 38. तुमच्या हाती 44 चित्रं आली, त्यात खरी 6. दर सात घरांत बोभाटा केल्यावर एक घर बरोबर निघणार, आणि 4 मुलं नजरेतून सुटून जाणार, ती 'चित्र छान आहे' म्हणून. तुमच्या वर्गात तर 38 पैकी 23 अडकली. चाळणीत निम्म्याहून जास्त दाणे अडकायला लागले तर ती चाळणी नाही, परात आहे.

मग चित्राचा काहीच उपयोग नाही का? आहे, दोन ठिकाणी.

पहिला उपयोग वाढीचा. साधारण साडेतीन-चार वर्षांचं मूल गोळा काढतं आणि त्यातूनच पाय काढतं, मधे धड नसतं. पाचच्या आसपास धड येतं. सहा-सातला हात डोक्यातून निघायचे थांबून धडातून निघतात. पुढे मान, बोटांची बरोबर संख्या, कपड्यांचे तपशील. तिसरीतलं मूल, पेन्सिल नीट हातात असताना, दोन-तीन वेगळ्या दिवशी काढूनही गोळ्यातूनच पाय काढत असेल, तर लक्ष द्या. पण 'स्वभाव' म्हणून नाही. आधी डोळे तपासून घ्या, मग हाताची पकड, मग ते मूल किती दिवस शाळेत आलंय आणि घरी कागद-पेन्सिल कधी बघितली होती का, हे बघा. त्यानंतरही शंका उरली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा नाव सांगा, ते पुढे पाठवतात. तुमच्या 23 चित्रांत असं एखादं असेल तर खरं काम तिथं आहे.

दुसरा उपयोग बोलतं करण्याचा. मूल चित्र काढता काढता जास्त बोलतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी दाखवलंय की आनंदाच्या, भीतीच्या प्रसंगांबद्दल नुसतं विचारण्यापेक्षा 'काढ आणि सांग' म्हटलं तर लहान मुलं बरीच जास्त माहिती देतात. इथं वाचायचं असतं ते मुलाचं बोलणं, कागद नाही. मात्र हे हत्यार दुधारी आहे. सूचक प्रश्न विचारून, न घडलेली गोष्ट काढायला लावली तर मुलं तीही रंगवून सांगायला लागतात आणि पुढे ती खरीच वाटायला लागते. म्हणून काय विचारायचं यापेक्षा काय विचारायचं नाही हे महत्त्वाचं.

शिकलेले मानसशास्त्रज्ञ ही चाचणी वापरतात ती अशीच. एका वेळी एकच मूल, शेजारी बघायला दुसरं कुणी नाही. तुमच्या वर्गात 38 जणांनी एकत्र काढलं, म्हणजे एका बाकावरची तीन चित्रं चुलतभावंडं असणार, पडताळून बघा. कोरा ए-4 कागद, रेघा नसलेला. एचबी किंवा टू-बी पेन्सिल, खोडरबर. वेळेचं बंधन नाही, बहुतेक मुलं 10 मिनिटांत संपवतात. कागद उभा-आडवा कसा घ्यायचा ते मुलानं ठरवायचं. मागच्या बाजूला तारीख आणि वय वर्षं-महिन्यांत. काढून झाल्यावर हा कोण, किती वर्षांचा, आत्ता काय करतोय, त्याला काय आवडतं, असं विचारून उत्तरं मुलाच्याच शब्दांत लिहायची. आणि त्यानंतर पालकांशी बोलणं, शाळेची नोंद, बुद्धिमापन, प्रत्यक्ष वागणूक हे सगळं एकत्र ठेवल्यावरच मत बनवायचं. नुसत्या चित्रावरून अहवाल लिहिणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे तो असतो.

आता तुमच्या त्या मुलीकडे येऊ.

ती अबोल आहे असं तुम्ही लिहिलंत. ती नेहमीच अबोल होती की अलीकडे झाली? हा प्रश्न चित्रातल्या दहा खुणांपेक्षा मोलाचा. दुसरीच्या बाईंना विचारा. पुढचे तीन-चार आठवडे एका वहीत, कुलपात राहील अशा, साध्या नोंदी करा : गैरहजेरी, दुपारचं जेवण पूर्ण खाते का, मैत्रिणी कोण आणि त्यात बदल झाला का, पोट दुखतं म्हणून सारखी येते का, शाळा सुटल्यावर घरी जायला टाळाटाळ करते का, विशिष्ट माणूस न्यायला आला की अंग चोरते का, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं-खेळणं दिसतं का, अंगावर न समजणाऱ्या जखमा. नोंद घटनेची करायची, अर्थाची नाही. 'घाबरलेली वाटली' असं नको, 'मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही, दोनदा बाकाखाली बसली' असं. शिक्षकांनी भरायची 25 विधानांची सामर्थ्य आणि अडचणी प्रश्नावली असते, रॉबर्ट गुडमन यांची, 1997 ची. तीही चाळणीच, निदान नव्हे, पण निदान चाळणीची छिद्रं मोजून पाडलेली आहेत.

बोलायचं असेल तर ऑफिसात बोलावून नाही. वर्गात, व्हरांड्यात, दुसरं मोठं माणूस दिसेल पण ऐकणार नाही इतक्या अंतरावर. आणखी एक-दोन मुलांची चित्रंही सोबत असू द्या, म्हणजे तिला आपलीच झडती चालली आहे असं वाटणार नाही. "हे तू काढलंस ना, मला सांग याच्याबद्दल." एवढंच. मग गप्प बसा. शिक्षकांना हे जड जातं, तरी दहापर्यंत आकडे मोजा. ती "आमचे आजोबा" म्हणेल, "पोलीस" म्हणेल, "कुणी नाही, असाच" म्हणेल. "बरं, अजून?" यापलीकडे जाऊ नका. "याचे हात का नाहीत?", "हे बाबा आहेत का?", "हा कुणाला मारतो का?" हे तिन्ही प्रश्न वर्ज्य. पहिल्यात चूक काढली, दुसऱ्यात नाव पुरवलं, तिसऱ्यात गोष्टच पुरवली.

ती खरोखर काही सांगायला लागली तर चेहरा शांत ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते मोडावं लागेल. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा. तिचे शब्द, तारीख, वेळ लगेच लिहून काढा. पुन्हा पुन्हा विचारू नका, मुख्याध्यापकांसमोर परत वदवून घेऊ नका, घरी फोन करून खातरजमा करू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती असेल किंवा होईल अशी भीती वाटत असेल, तर स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सद्‌भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. गुन्हा सिद्ध करणं तुमचं काम नाही, पोहोचवणं आहे. मुख्याध्यापक आणि शाळेची, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांना सांगा, पण "समितीची बैठक होऊ दे" म्हणून थांबू नका. नुसतीच शंका असेल, नोंदींवरून वाढत असेल, पण काय करावं कळत नसेल, तर 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करून विचारा. लैंगिक नाही पण मार, उपासमार, दुर्लक्ष असं दिसलं तरी हाच नंबर.

तीन-चार आठवड्यांच्या नोंदींत काहीच निघालं नाही, मुलगी जेवते, खेळते, मैत्रिणींत हळू आवाजात का होईना बोलते, तर ती अबोल मुलगी आहे. तशी असतात.

दोन कामं मात्र आज करा. तुम्ही पाठवलेल्या फोटोवर तिचं नाव किंवा शाळेचं नाव दिसत असो वा नसो, त्या सरांना तो पुसून टाकायला लेखी सांगा, आणि पुढच्या कार्यशाळेत 'नमुना' म्हणून दाखवू नका असंही लिहा. आपल्या बाजूनंही पुसा, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला असेल तर तिथूनही. मग त्या 38 चित्रांच्या मागे पेन्सिलीनं जे काही लिहून ठेवलंत, 'आक्रमक', 'न्यूनगंड', 'घरी त्रास?', ते रबर घेऊन खोडा. पुढच्या वर्षी चौथीच्या बाईंच्या हाती ते कागद लागले तर ती मुलं वर्गात पाय ठेवायच्या आधीच तशी ठरलेली असतील. खोडून झालं की चित्रं मुलांना परत द्या. तुम्ही 38 जणांना माणूस काढायला लावला आणि कुणालाच 'छान' म्हटलेलं नाही, ते सगळे अजून वाट बघत असणार.